गुडघ्याचा बर्फ

आमच्या मामांच्या मते जग मुळीच तापत नव्हतं, लोकांची डोकी तेवढी तापत होती. हे मत ते रोज दुपारी बेकरीसमोरच्या बाकावर बसून सांगायचे, आणि ते ऐकायला, म्हणजे खोडून काढायला, भूगोलाच्या बाई रोज यायच्या. बाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस नापासच होणार आहे अशा नजरेनं बघायची सवय काही गेली नव्हती. यायच्या अर्धा पाव घ्यायला आणि बसायच्या पाव शिळा होईपर्यंत.

"बाई, मी लहान होतो तेव्हा या रस्त्यावरचं डांबर वितळायचं," मामा सुरू करायचे. "चप्पल चिकटायची. तेव्हा कुणी सभा घेतली नाही. चप्पल उपटायची आणि घरी जायचं."

"बेकरीवाले, तुमची चप्पल म्हणजे पृथ्वी नव्हे."

"आणि पन्नास वर्षं मी भट्टीपुढे उभा आहे. गरमी काय असते ते तुम्ही मला शिकवता?"

"तुमची भट्टी संध्याकाळी विझते. ही कोण विझवणार?"

मग मामा हातानं माशी उडवल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "काही होत नाही हो. आमचा पाव बघा. माझ्या वडिलांच्या वेळचं माप, वडिलांच्या वेळचीच रीत. तसाच फुगतो, तसाच लागतो. जग बदललं असतं तर आधी पिठाला कळलं असतं. पिठासारखं नाजूक दुसरं काही नाही." हा त्यांचा हुकमाचा एक्का होता. पावाला नावं ठेवायची सोय नव्हती, कारण तो बाईंच्या हातातच असायचा आणि बोलता बोलता त्याचा एक कोपरा त्यांनी खाल्लेलाही असायचा.

बाकाच्या मध्यभागी ग्रंथपाल बसायचे. त्यांचं वाचनालय शेजारीच. जो शेवटचा बोलेल त्याला मान डोलवायची एवढंच त्यांचं काम, आणि ते इतक्या निष्ठेनं करायचे की दोघांनाही ते आपल्याच बाजूचे वाटायचे.

मी गल्ल्यावर. मी मामांची भाची, पण वादात बाईंच्या बाजूची. वर्तमानपत्रात काही आलं की कापून ठेवायची, बाईंना दाखवायची. मामा मला बाईंचा पोपट म्हणायचे. मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर राग पोपटाचा नव्हता. राग गल्ल्याचा होता. नवऱ्याच्या पश्चात मी मामांकडे राहायला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. पाव विकला, भट्टी झाडली, गोण्या मोजून घेतल्या, पण पिठाला मामांनी मला कधी हात लावू दिला नाही. पीठघराचं दार ते आतून लावून घ्यायचे. बाहेर मला फक्त मळायच्या यंत्राची घरघर ऐकू यायची.

मामा सत्तरी ओलांडून गेले होते. मामेभाऊ दूर नोकरीला. त्याचं एकच पालुपद, "बाबा, आता बस झालं, दुकान मोबाईलवाल्याला भाड्यानं द्या." बेकरी चालू ठेवायला मी तयार होते, हातपाय धड होते, पण पीठ हातात आल्याशिवाय मी कुठली बेकरीवाली! नुसती पाव देणारी. मला ती बेकरी हवी होती. उगाच आढेवेढे घेत नाही, जीव तुटेल इतकी हवी होती.

या सगळ्यात मामांना एकच दुखणं होतं, गुडघ्याचं. उन्हं तापायला लागली की रोज सकाळी ते कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडून बादलीभर बर्फ आणायचे, वर टॉवेल टाकायचे आणि पीठघरात न्यायचे. पीठ भिजवता भिजवता गुडघ्याला बर्फ लावून बसतो, म्हणायचे. सगळ्या गल्लीला त्यांची दया यायची. बाईसुद्धा वाद फारच पेटला की म्हणायच्या, "जाऊ द्या, तुमचा गुडघा दुखत असेल."

"लोकांची हाडं थंडीत दुखतात, यांची उन्हाळ्यात," मामी म्हणायची. "लग्नापासून बघतेय, या माणसाचं सगळं उलटं." पण तिला काळजी वाटायची. मामी बोलायची थोडं आणि करायची पुष्कळ. तिनं कुणालाही न विचारता मोठ्या हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. दोन महिन्यांनी तो लागला, आणि नेमका सभेच्या दिवशी.

सभा म्हणजे ग्रंथपालांचं डोकं. बाकावरचं भांडण वाचनालयाच्या सभागृहात आणायचं, वर चहा आणि आमच्या बेकरीचे छोटे गोड पाव. वाचनालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद लागला: 'तापमानवाढ: खरंच इतकी गंभीर?' हो म्हणणार भूगोलाच्या बाई, नाही म्हणणार आमचे मामा. मामांनी आठवडाभर आरशासमोर भाषण घोकलं होतं. डांबराची चप्पल त्यात तीनदा येत होती.

"मी आज डॉक्टरकडे येणार नाही," सकाळी मामांनी जाहीर केलं. "संध्याकाळी सभा आहे. एवढे पाव करायचे आहेत. पीठ कोण भिजवणार?"

"ही भिजवेल," मामी म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

"हिला काय येतं?"

"तुम्ही शिकवलं तर येईल. रीत सांगताय रोज बाकावर बसून सगळ्या गावाला, घरच्या माणसाला सांगायला काय धाड भरली? उठा. बस जाईल."

मामा उठले. मामीनं उठा म्हटल्यावर न उठायची त्यांची प्राज्ञा नव्हती. मला पीठघरात नेऊन त्यांनी माप सांगितलं. पीठ किती, मीठ किती, साखर, यीस्ट, पाणी किती. आणि आजोबांची रीत, जी मला ऐकून पाठ होती. शेजारच्या शाळेची पहिली घंटा झाली की पीठ भिजवायचं, मोठ्या लाकडी पेटीत घालायचं, झाकण लावायचं, आणि मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. आजोबांकडे घड्याळ नव्हतं, शाळा होती. मधे झाकण उचललं तर पीठ रुसतं, असं ते म्हणायचे, आणि पीठ रुसू नये म्हणून या घरात दोन पिढ्या कुणी ते उचललं नव्हतं.

"आज पाव नीट निघाला तर पीठ तुझं," मामा म्हणाले. "नाही निघाला, तर मग तुझा मामेभाऊ म्हणतो ते खरं. देऊन टाकू भाड्यानं."

"निघेल," मी म्हटलं.

ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "तो... आजचा बर्फ आणायचा राहिलाय. तेवढा आत आणून ठेव."

"कशाला?" मामी बाहेरून ओरडली. "डॉक्टरकडेच चाललोय ना? मी मासेवाल्याला नको म्हणून सांगितलंय."

मामा पुन्हा माझ्याकडे वळले. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, दारातून दिसणाऱ्या गल्ल्यामागच्या भिंतीवर मी चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या कात्रणांकडे बघितलं आणि तोंड मिटलं. "बघ हं जरा," एवढंच म्हणाले.

"काय बघू?"

"काही नाही. वडिलांच्या मापानं कर." आणि गेले.

पहिली घंटा झाली. मी हात धुतले आणि नळ सोडला. कॅलेंडरप्रमाणे उन्हाळा अजून लागायचा होता, तरी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी चक्क कोमट होतं. मी हात पाण्याखाली धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, अरे वा, सकाळी सकाळी पाणी कोमट! संध्याकाळी बाईंना सांगायला हवं, चांगला मुद्दा आहे. मग हात पुसला आणि तेच पाणी मापून पिठात ओतलं. पिठाचं काय होईल हा विचार मनाला शिवलाही नाही. मुद्दा मात्र लक्षात ठेवला.

पीठ सुरेख मळलं गेलं. पेटीत घातलं, झाकण लावलं आणि गल्ल्यावर जाऊन बसले. गिऱ्हाइकांशी मी त्या सकाळी इतकं गोड बोलले की एका बाईंनी बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

थोड्या वेळानं पीठघरातून वास यायला लागला. आंबूस. मी आत डोकावले. झाकण पेटीवर सपाट असायला हवं, ते एका बाजूनं चांगलं वर उचललं गेलं होतं आणि फटीतून पिठाची जीभ बाहेर आली होती. मला वाटलं, काय छान फुगलंय! नंतर वाटलं, जरा जास्तच फुगलंय. हात पुढे गेला. पण घंटा व्हायची होती. आजोबांची रीत, दोन पिढ्यांत कुणी मोडली नाही आणि मी पहिल्याच दिवशी मोडायची? मी हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळून उभी राहिले. झाकण माझ्या डोळ्यांदेखत आणखी बोटभर वर गेलं. शाळेच्या शिपायाला मी त्या दिवशी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या त्याची गणती नाही.

घंटा झाली. झाकण उचललं तसं पीठ एक उसासा टाकून मटकन खाली बसलं. हातात घेतलं तर बोटांना तारा. गोळा होईना, झाला तर टिकेना. तरी उसनं अवसान आणून मी एक तबकभर पाव वळले आणि भट्टीत सारले. बाहेर आले ते चपलेच्या तळव्यांसारखे, चपटे आणि वर पांढुरके. चव बघितली, आंबट. मी पिठाच्या गोणीवर बसले आणि भोकाड पसरलं. बाई माणसानं, तेही या वयात, मोठ्यानं रडू नये वगैरे मला काही सुचलं नाही. माझी बेकरी माझ्या डोळ्यांसमोर त्या पेटीत बसली होती.

तेवढ्यात मामा-मामी परत आले. मामीचा आवाज रस्त्यावरूनच ऐकू येत होता.

"पंचविशीतल्या पोराचा गुडघा आहे म्हणाले डॉक्टर! म्हणाले, हा मला द्या, माझा घ्या! दोन महिने नंबरासाठी थांबले मी. मग इतकी वर्षं तो बर्फ काय..." ती पीठघराच्या दारात आली आणि मला बघून थांबली.

मामा आत आले. पेटीकडे बघितलं, तबकातल्या तळव्यांकडे बघितलं. एका बोटावर पिठाची तार घेऊन वास घेतला. मग नळ सोडून त्याखाली हात धरला आणि तसाच धरून उभे राहिले.

"तुमच्याच मापानं केलं मामा," मी हुंदके देत म्हटलं. "तसूभर इकडेतिकडे नाही. घंटेपर्यंत झाकणाला हात लावला नाही. माझ्या हातालाच यश नाही. द्या दुकान भाड्यानं."

आता मला कळतं, त्या घटकेला मामांना फक्त गप्प बसायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजोबांचं माप शाबूत राहिलं असतं, संध्याकाळची सभा जिंकता आली असती, बाकावरची बैठक अबाधित राहिली असती. दोष सगळा माझ्या हाताला. मीच तो लावून घेतला होता.

मामांनी नळ बंद केला. "अगं," ते मामीला म्हणाले, "मासेवाल्याकडून बर्फ आण."

"गुडघा ठणठणीत आहे ना?"

"गुडघ्याला नकोय," मामा म्हणाले. "पिठाला हवाय."

माझं रडणं मधेच अडकलं. मामीनं आधी मामांकडे बघितलं, मग त्यांच्या गुडघ्याकडे, मग पुन्हा मामांकडे.

"पाणी गार नसलं की पीठ घंटेच्या आधीच येतं, फुगून फुगून आंबतं आणि बसतं," मामा खाली बघत सांगू लागले. "वडिलांच्या वेळी नळाचंच पाणी पुरायचं. मग एका उन्हाळ्यात पीठ उतायला लागलं. मी मूठभर बर्फ टाकला. पुढच्या वर्षी दोन मुठी. आधी फक्त भर उन्हाळ्यात लागायचा. आता थंडी संपते न संपते तोच सुरू करावा लागतो."

"केव्हापासून हे?" मी विचारलं.

"तू कॉलेजात होतीस."

"आणि रोज बाकावर बसून बाईंना सांगता, काही बदललं नाही!"

"बाकावर काय पाव भाजायचा असतो?" मामा म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "वडील जाताना म्हणाले होते, सगळं बदल, माप बदलू नको. मी नाही बदललं. पीठ तेवढंच, मीठ तेवढंच, पाणीही तेवढंच. फक्त थोडं पाणी घट्ट असतं."

मला रडता रडता हसू फुटलं. मामी मात्र हसली नाही. ती कमरेवर हात ठेवून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"आणि तू गं?" ती मला म्हणाली. "तू तर बाईंचा पोपट. जग तापलं, जग तापलं. सकाळी नळाला हात लावलास ना?"

"लावला."

"कोमट लागलं ना?"

"लागलं."

"मग?"

मी काय सांगणार! मुद्दा म्हणून लक्षात ठेवला होता, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

"हे हातानं मानतात आणि तोंडानं नाही. तू तोंडानं मानतेस आणि हातानं नाही," मामी म्हणाली. "दोघं मिळून जेमतेम एक शहाणं माणूस होईल." आणि बादली उचलून ती बर्फ आणायला गेली.

त्यानंतर बोलायला वेळच नव्हता. मामांनी बाह्या सरसावल्या. उतलेलं पीठ टाकून द्यायचं नसतं हे मला तेव्हा कळलं. त्यातला एक मोठा गोळा विरजणासारखा नव्या पिठात घातला की नवं पीठ लवकर येतं आणि चवही धरतं. यंत्र घरघरायला लागलं, मामा बर्फ फोडून माझ्या हातात देत होते आणि मी पाण्यात सोडत होते. "किती?" मी विचारलं. "हात घाल पाण्यात. बोटं कळवळली पाहिजेत पण सुन्न व्हायला नकोत." मी हात घातला. त्यांनीही घातला. मळून झालं तसं झाकण लावलं, आणि या वेळी मामांनी घंटेची वाट न बघता तीनदा झाकण उचललं. पीठ काही रुसलं नाही.

सभा भरायच्या आधी पाव भट्टीतून निघाले. गोल, तांबूस, टम्म फुगलेले. पण मामा पिठाबद्दल, दुकानाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, भाषणाचा कागद खिशात घातला. तो कागद खिशात जाताना मी बघितला. आता हा माणूस तिथे उभा राहून पुन्हा तेच सांगणार. आणि तेच सांगायचं असेल, तर बर्फाची गोष्ट पीठघरातच राहणार, दार पुन्हा आतून लागणार, आणि मी गल्ल्यावर.

सभागृह भरलं होतं. पंखे फिरत होते, तरी लोक हातातल्या कागदांनी वारा घेत होते. आधी बाई बोलल्या. त्यांनी तक्ते आणले होते, लाल रेषांचे, एकेक उलगडून दाखवले. छान बोलल्या. मागच्या रांगेतली मंडळी पावांच्या पाट्यांकडे बघत होती, पण ते बाईंच्या वर्गातही असंच चालायचं.

मग मामा उभे राहिले. चष्मा लावला, कागद काढला, उलगडला. वाचायला सुरुवात करणार तोच थांबले. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"मंडळी," ते म्हणाले, "माझा गुडघा उत्तम आहे."

गावाला त्या गुडघ्याची काळजी होतीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नकोत. त्याला कधी काही झालंच नव्हतं."

आणि मग मामांनी सगळं सांगितलं. बादली, टॉवेल, मासेवाला, मूठभर बर्फ, दोन मुठी, अर्धी बादली, बादली. बायकोनं लावलेला नंबर. सकाळचं कोमट पाणी आणि माझे चपटे पाव. आधी एक जण हसला, मग सगळं सभागृह हसायला लागलं, मासेवाला तर उठून उभा राहून हसत होता. पहिल्या रांगेत मामी पदराचं टोक तोंडावर धरून बसली होती, आणि तिचे खांदे हलत होते. मामा हसणं ओसरायची वाट बघत उभे राहिले.

"मला विचारलंय, हे गंभीर आहे का," ते म्हणाले. "जगाचं मला सांगता येत नाही. ते बाईंनी सांगितलंय, तक्त्यासकट. मी एवढंच सांगतो. ही एक गोष्ट मी इतकी वर्षं बायकोपासून लपवली. क्षुल्लक गोष्ट माणूस एवढी लपवत नाही."

ते खाली बसले. या वेळी टाळ्या वाजायला जरा वेळ लागला.

"बाई, तुम्ही जिंकलात," ते शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणाले.

बाई तक्त्यांची गुंडाळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, आता ही बाई या विजयाचं काय सोनं करील! पण त्यांचा चेहरा बघून माझं हसू मावळलं.

"मला जिंकायचं नव्हतं हो बेकरीवाले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रोज तुमच्याशी भांडून घरी जाताना मी मनात म्हणायचे, या माणसाचंच खरं निघू दे. माझे तक्ते चुकू देत. पाव तसाच फुगतो म्हणतोय ना, तर फुगू दे बाबा. तुमच्या पावावर मी जरा निर्धास्त झोपायचे."

मामांनी नुसता हात पुढे केला आणि बाईंच्या मांडीवरची तक्त्यांची जड गुंडाळी आपल्याकडे घेतली. शेवटी ग्रंथपालांनी दोघांकडे बघून मान डोलावली आणि चहा तयार असल्याचं जाहीर केलं.

पाव वाटायला मी पुढे झाले. बाईंनी एक घेतला, तुकडा मोडला, खाल्ला. "नेहमीसारखाच झालाय."

"हिनं केलाय," मामा म्हणाले.

"पहिला घाणा फसला माझा," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

"तिचा नाही फसला. मी फसवला." मामांनी आवाज चढवला, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल इतका. "उद्यापासून पीठ हिचं. दुकान हिचं. मोबाईलवाल्याला दुसरी जागा बघायला सांगा."

पाटी हातात आहे हेच मी विसरले. मामीनं ती घेतली म्हणून पाव वाचले. इतका आनंद झाला मला की मामांच्या पायाच पडावं की त्यांना दोन शब्द सुनवावेत हेच कळेना. कपात चहा ओतता ओतता मासेवाला म्हणाला, "ताई, चव मात्र बदलू देऊ नका हं."

"चव बदलायची नसेल," मामा म्हणाले, "तर तिला बाकीचं सगळं बदलत राहावं लागणार आहे."

ते हसत म्हणाले, पण ते ऐकून माझ्या आनंदाला जरा गारठा शिवून गेला. मी त्यांच्या जवळ सरकले. "मामा, मग मला नीट सांगा. केव्हा किती बर्फ घालायचा?"

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"या वर्षाचं सांगतो," ते म्हणाले. "पुढच्या वर्षाचं मला माहीत नाही, पोरी."

बाईंनी उरलेला पाव संपवला, हात झटकले आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा म्हणाल्या, "उद्या सकाळी मी थर्मामीटर घेऊन येते. तिघं मिळून बघू."

"पीठघरात बाहेरच्या माणसाला..." मामांनी सुरुवात केली. मामीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"लवकर या," मामा म्हणाले.